आर्क सेलचा न जुळणारा आकडा

३ एप्रिल १९९६. सकाळपासून उकाडा, वारा नाही.

माणसं पांगली की किस्से साचतात. आम्ही एकत्र असताना ते रोज डब्याबरोबर संपायचे. आता ऐकायला कोणी नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आमचा आर्क सेल म्हणजे तुर्भ्याच्या कारखान्यातली एक खोली आणि तीन माणसं. धातू कापायच्या प्लाझ्मा टॉर्चमध्ये टंगस्टनची टोकदार कांडी असते. तिच्या टोकाशी आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटतो आणि टोक झिजत जातं. ही झीज किती होईल, ते मुकादमसर कॉम्प्युटरवर आधीच काढायचे. जाधव फिटर तासभर खरा आर्क पेटवायचा. मी कांडीचं आधी आणि नंतर वजन करायचो. सर श्रीवर्धनकडचे, वय बत्तीस. मी सत्तेचाळीसचा, म्हणून ‘काका’.

*

एक हिशेब पुरा व्हायला कॉम्प्युटरला तीन दिवस लागत. एकदा तिसऱ्या दिवशी लाईट गेली आणि सगळं पुसलं गेलं. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

जाधव साताऱ्याचा. म्हणाला, “सर, लाईट गेली की तुमचा आर्क बी इझतो आन् आमचा बी. मंग तुमचा खोटा कसा?”

सर हसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

*

सरांचा एक नियम होता. वजन करायच्या आधी आपला आकडा पाकिटात घालून बंद करायचा, म्हणजे मागाहून फिरवायचा मोह नको. पाकिटात अकरा मिलिग्रॅम निघायचे, तराजूवर झीज एकोणीस. पुढच्या वेळी अकरा आणि वीस.

“पाकिटात आहेर कमी पडला, सर,” जाधव म्हणायचा.

सर समीकरणं बदलत गेले. टोकावरची उष्णता वाढवली की झीज जुळायची, पण व्होल्टेज बिघडायचं. आखूड पांघरुणासारखं, पाय झाकावे तर डोकं उघडं. दोन वर्षं हेच चाललं. मग मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, मार्चअखेर आकडा जुळला नाही तर सेल बंद.

*

डिसेंबरात मला ताप आला. बोनकोड्याला घरी पडून होतो. एक वजन जाधवने केलं आणि अकरा लिहिलं. परत आल्यावर मी ते तांबड्या शाईने खोडलं. म्हटलं, “जाधव, तराजू म्हणजे पाना नव्हे.”

“ऱ्हायलं,” तो म्हणाला.

*

फेब्रुवारीत जाधव माझ्या टेबलाशी उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, “काका, टोक घासता कशापायी? मी तोललं तवा नव्हतं घासलं.”

जळलेलं टोक मी बारीक पॉलिश पेपरने साफ करून मगच वजन करायचो. वस्तू स्वच्छ करूनच तोलावी, हे मी एका पुस्तकातून स्वतः शिकलो होतो. काजळीबरोबर धातूही निघत होता. रजिस्टरात ते कधी लिहिलं नव्हतं. पुसणं कोण लिहितो!

जेवणाच्या सुट्टीत सरांना सांगितलं. त्यांनी डबा बंद केला. मग म्हणाले, “मीही दोन वर्षांत एकदा तुमच्या टेबलाशी येऊन बघितलं नाही, काका.” खोडलेल्या आकड्याचं पान मागून घेतलं आणि उजेडाला धरून वाचलं.

*

पंचवीस मार्चला शेवटची टेस्ट झाली. सरांनी जुना, न बदललेला प्रोग्रॅम काढला होता. मॅनेजरसाहेब हजर होते. वजन जाधवने केलं, टोक न घासता. मी हात मागे बांधून उभा होतो.

पाकिटात अकरा पॉइंट दोन. तराजूवर अकरा पॉइंट चार.

साहेबांनी चष्मा लावून दोनदा बघितलं. मग माझं रजिस्टर उघडून पानं उलटत गेले. विचारलं, “हा जुळला. मग आधीचे चाळीस का चुकले?”

मी तोंड उघडलं. माझ्या आधी सर म्हणाले, “माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती, साहेब. आता काढली.”

“चूक सापडायला दोन वर्षं?”

“हो, साहेब.”

साहेब म्हणाले, दोन वर्षं चूक न सापडणाऱ्या सेलवर आणखी खर्च नको. आकडा जुळूनही आर्क सेल ३० मार्चला बंद झाला. जाधवला शॉप फ्लोअरवर घेतलं, मला स्टोअरमध्ये. मुकादमसरांना त्याच दिवशी कामावरून कमी केलं.