हळद लावलेलं शिंग

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. धुळ्याकडे तापीच्या दरडीतून आम्ही एक शिंग खोदून काढत होतो, आणि तो बांधावर उकिडवा बसून पाहत होता. मी जीवाश्मांचा अभ्यास करतो. ते शिंग रानबैलाचं होतं, आजच्या बैलांच्या भाऊबंदातल्या, पण वंश बुडालेल्या. हजारो वर्षांत त्याचा दगड झाला होता.

आम्ही ते खोक्यात ठेवणार, तोच तो उठून घरी गेला. आला तो हळदीची वाटी आणि धुतलेलं धोतर घेऊन.

“काही लावू नका, आबा,” मी जरा चिडूनच म्हणालो. “दगड आहे तो.”

“आते दगड शे, भाऊ. मरना तवय बैलच व्हता ना?”

मी बाजूला झालो. त्यानं शिंगाला अंगठ्यानं हळद लावली, धोतर पांघरवलं, हात जोडले.

असल्या जनावराचं सुतक कुणी धरेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. घरचा बैल गेला की त्या दिवशी तिकडे औत जुंपत नाहीत. नांगरटीचे दिवस होते. आम्ही निघालो तेव्हा शिवारभर औतं चालली होती. त्याची जोडी तेवढी बाभळीखाली बांधलेली होती.