शिंपले जेवत नाहीत

आमच्या मामंजींचं सगळं आयुष्य गाईम्हशींत गेलं, त्यामुळे जो जीव खात नाही तो आजारी, एवढंच वैद्यक त्यांना ठाऊक. पारनेरच्या माळावरच्या शेततळ्यात मी मोत्यांसाठी जाळ्यांत भरून शिंपले सोडले, तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "यांला चारा काय घालायचा?" म्हटलं, पाण्यातलं शेवाळ खातात, ते वाढावं म्हणून कधीमधी थोडा शेणकाला सोडायचा, बस. शेण म्हटल्यावर मामंजींना शिंपले एकदम घरचेच वाटायला लागले.

गेल्या साली वैशाखातलं ऊन फाल्गुनातच आलं. तळ्याचं पाणी हाताला कोमट लागायचं. ऊन सोसेना की शिंपला कवाडं लावून घेतो, खाणंपिणं बंद. मीही घरात कधीकधी तसंच करते, पण मला कोण विचारतंय! शिंपल्यांची मात्र मामंजींना भारी काळजी. लेकरं उपाशी हायत असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि मला न सांगता रोज सकाळी बादलीभर शेणकाला तळ्यात ओतायला लागले.

आठवड्यात पाण्याला घाण वास सुटला. जाळ्या वर काढल्या तर कितीतरी शिंपले आ वासून मेलेले. मोती धरावा म्हणून एकेकात मी माझ्या हातानं मणी बसवला होता. मला रडूच कोसळलं. "मामंजी, गाभण म्हशी आहेत का त्या?" मी तोंडावर बोलले. ते मान खाली घालून ऐकून घेत राहिले. सासूबाईंना हे भाग्य कधी लाभलं नव्हतं.

उरलेल्या जाळ्या आम्ही खोल, गार पाण्यात उतरवल्या, वर सावलीची हिरवी जाळी ताणली, विहिरीचं पाणी थोडंथोडं सोडलं. पाऊस येईस्तोवर मामंजी रोज एक जाळी वर ओढून एखाद्या शिंपल्याला टिचकी मारायचे आणि त्यानं तोंड मिटलं की "जित्ता हाय" हे सांगायला थेट चुलीपर्यंत यायचे. उरलेले सगळे जगले.

दिवाळीनंतर मोती काढायला मी शिंपल्यांची पाटी आणि सुरी घेऊन बसले. आमचे मोती शिंपला चिरूनच काढायचे, आणि चिरला की तो मरतो. हे मामंजींना सांगायचं राहूनच गेलं होतं, ते तेव्हा सांगितलं. त्यांनी माझ्यापुढची पाटी उचलली.

"एवढा उन्हाळा काढलाय त्यांनी, सूनबाई," म्हणाले आणि तळ्याकडं चालू लागले.

मी त्यांना हाक मारली नाही.