बरं वाटतंय, असं म्हणायचं नसतं

कुसाबाई निकम यांनी सतरा वर्षं सिडकोतल्या दोन खोल्यांतून डबे दिले. अंबडच्या कंपन्यांमधली पोरं, परगावचे विद्यार्थी, बायकोची बदली न झालेला एक बँक मॅनेजर. डबे चाळीसच्या वर गेले, तरी कुणी "किती डबे हो मावशी?" विचारलं, की उत्तर ठरलेलं, "हायेत थोडेफार."

चांगल्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही, हा नियम त्यांनी चांदवडकडच्या माहेराहून आणला होता. सून योगिनी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात म्हणाली, "आई, पोळ्या काय मऊ झाल्यात!" सासूने कणकेचा हात तसाच वर धरून तिला थांबवलं. "बोलून दाखवू नये गं. खावं आणि उठावं." पुढे योगिनीला दिवस राहिले तेव्हा शेजारणीला पाचव्या महिन्यापर्यंत पत्ता लागू दिला नाही. नातू रुद्र चांगला गुटगुटीत, पण कुणी काही म्हणायच्या आत याच म्हणायच्या, "कुठलं काय, अंगच धरत नाय."

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी कुसाबाईंनी परातीत कणीक भिजवली आणि तिच्याकडे बघत बसून राहिल्या. कणकेला वरून पापुद्रा धरला. डबे त्या दिवशी गेले नाहीत, नंतरही गेले नाहीत. त्या भांडत नव्हत्या, रडत नव्हत्या. अंघोळीला जा म्हटलं तर जायच्या आणि बादलीपाशी नुसत्या उभ्या राहायच्या. नातेवाईक कारण शोधून दमले. "मुलगा मार्गाला लागला, सून उलटून बोलत नाही, अजून काय पाहिजे हिला?" असं त्यांच्यासमोरच विचारायचे, जणू त्या खोलीत नाहीतच.

एकामागून एक चार औषधं झाली. प्रत्येकाला पुरेसा वेळ दिला, समुपदेशनही झालं. एका गोळीने महिनाभर जरा हालचाल आली, मग पुन्हा तेच. शेवटी गंगापूर रोडच्या डॉ. आरोही बागूल म्हणाल्या, "काहींचं नैराश्य औषधांना दाद देत नाही. आपण केटामाइन देऊन बघू."

"म्हणजे भुलीचं?" कुसाबाईंचा मुलगा दीपक म्हणाला. "अहो मॅडम, ती आधीच भूल दिल्यासारखी बसलेली असते."

"औषध तेच, पण मात्रा फार कमी. झोपवायचं नाहीये त्यांना."

योगिनीने फोनवर आधीच बरंच वाचलं होतं. "मॅडम, याची नशा करतात ना लोक? सवय लागली तर?"

"लागू शकते. म्हणून तर घरी देत नाही. इथेच, मोजून, शेजारी भूलतज्ज्ञ आणि नाडी-बीपीचं मशीन." मग त्यांनी सरळ सांगितलं, "दोन आठवड्यांत चार वेळा देऊ. तोवर काहीच फरक दिसला नाही, तर पुढे रेटण्यात अर्थ नाही. मग शॉकचा विचार करू. तोही लोक समजतात तसा भयंकर नसतो." दीपक मात्र शॉक या शब्दालाच उठून उभा राहिला. म्हणजे घरच्यांच्या लेखी ही चार सलाईनं हाच काय तो मार्ग उरला होता.

दीपकची कंपनीत पहिली पाळी असायची, त्यामुळे रिक्षातून न्यायचं योगिनीने. पहिल्या दिवशी सासू आरामखुर्चीत पडली. सलाईन सुरू झालं, पडदा ओढला. योगिनी बाहेर चाळीस मिनिटं कान देऊन बसली. आत काय होत असेल? माणूस ओरडतं की बरळतं? काहीच आवाज आला नाही. नंतर दोन तास तिथेच थांबवलं.

"काय झालं हो आई? काय दिसलं?"

योगिनीने रिक्षात बसता बसता विचारलं. रिक्षा त्र्यंबक नाक्यापाशी आली तेव्हा कुसाबाई म्हणाल्या, "हात लांब गेल्ते माझे. पार तिकडं. कांदा सोलावा तसं वरचं छत सुटत होतं, पदर-पदर."

"भीती वाटली?"

"नाय. कुणाची पोळी करपत नव्हती."

एवढं मोठं वाक्य योगिनीने सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

तिसऱ्या खेपेला निघताना कुसाबाई कुरकुरल्या, "सहा तास पोटात काय नाय म्हणजे काय? कोरा चहाबी नाय?" योगिनी चपला घालता घालता थांबली. सहा वर्षं ही बाई समोर ठेवलेला चहा गार करत होती.

मग रोज काहीतरी निघू लागलं. "धुणं झटकून वाळत घालावं." "ही काय कोथिंबीर हाय का गवत?" एकदा योगिनी दळण घेऊन आली, तर मिसळणाचा डबा ओट्याच्या डाव्या कडेवरून उजवीकडे गेलेला. तो डावीकडे योगिनीनेच नेला होता, सासू बसून राहिली त्याच वर्षी. तिला रागच आला. सहा वर्षं स्वयंपाकघर तिचं होतं, तिच्या भांड्यावरचं झाकण कुणी उचलून बघितलं नव्हतं. डबा परत डावीकडे न्यायला तिने हात घातला आणि तिच्या लक्षात आलं, की सासूने आपणहून एक वस्तू उचलून दुसरीकडे ठेवली आहे. तिने डबा तिथेच राहू दिला.

पण दवाखान्यात दर खेपेला डॉक्टर प्रश्नांचा कागद घेऊन बसायच्या. झोप, भूक, मन लागणं, जगावंसं वाटणं. आणि कुसाबाई प्रत्येक प्रश्नाला म्हणायच्या, "तसंच हाय." चौथं सलाईन झालं. दोन दिवसांनी निर्णयासाठी बोलावलं. उपाशीच या, द्यायचं ठरलं तर लगेच देऊ.

"कुसाबाई, कसं वाटतंय?"

"तसंच हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग थांबवू या. उगाच त्रास नको."

योगिनीच्या मनात त्या क्षणी एक विचार येऊन गेला. गप्प बसलं तर मिसळणाचा डबा परत डावीकडे येईल. ती स्वतःच दचकली आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, "खोटं बोलतायत त्या!"

कुसाबाईंनी मान फिरवली.

"परवा यांनी माझी आमटी बेसिनमध्ये ओतली, मॅडम. अख्खं पातेलं."

"पाणी होतं ते. डाळ शोधावी लागत होती."

"आणि स्वतः दुसरी केली! दोन वाट्या खाल्ली!"

"गप बस गं!" कुसाबाईंचा आवाज चिरकला. पदर तोंडावर गेला. "मॅडम, हिला गप बसवा. हिला कळत नाय."

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "काय कळत नाही तिला?"

कुसाबाई खाली बघून बोलल्या. "मी तेरा वर्साची व्हते. आई महिनाभर हातरुणाला. एका सकाळी म्हणली, आज लय बरं वाटतंय गं. वेणी घालून घेतली माझ्याकडनं. दुपारी गेली."

डॉक्टर हसल्या नाहीत, समजूतही घालत बसल्या नाहीत. त्यांनी प्रश्नांचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"मग चांगलं काही सांगूच नका. वाईट काय काय चाललंय, तेवढं सांगा."

कुसाबाईंनी पदर खाली घेतला. "वाईट सांगू?"

"सगळं."

"हिची आमटी. ती सांगून झाली. पडदे दिवाळीपासनं धुतलेले नाहीत. रुद्र्या जेवताना मोबाइल बघतो, याला कुणी बोलत नाय. समोरची बाई जिन्यात चपला मांडून ठेवते, दुकान असल्यागत. तुमच्या हितला चहा, मॅडम, राग मानू नका, साखरेचं पाणी हाय."

"झोपेचं वाईट काय?"

"पाचालाच जाग येते."

"आधी?"

"आधी झोपच कुठं व्हती?" म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

डॉक्टर लिहीत राहिल्या. कागद भरला, तेव्हा त्यांनी दुसरा घेतला. योगिनी आपल्या घराची ही झाडाझडती लाल कानांनी ऐकत होती. पडद्यांचं खरं होतं.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "अजून दोन देऊ. गोळ्या चालूच राहतील. हे कायम टिकेल असं मी सांगत नाही, काही महिन्यांनी ओसरूही शकतं, तेव्हा पुन्हा बघू." मग योगिनीकडे वळून म्हणाल्या, "यांना कसं वाटतंय, ते यांना विचारायचं नाही. ज्या दिवशी तक्रारी थांबतील, त्या दिवशी मला फोन करायचा."

कुसाबाई खुर्चीत पडल्या. सिस्टर मीना यांनी हातावर पट्टा बांधला, शीर शोधली. सुई लागणार तेवढ्यात कुसाबाईंनी हात मागे घेतला.

"थांबा जरा. हिनं बोलून दाखवलंय, दिष्ट लागंल. योगिनी, इकडं ये. बोटं मोड."

"इथे? आई, अहो..."

"मग काय घरी जाऊन मोडतीस?"

मशीनची पीप-पीप वाढली होती. मीना यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर पडद्याला टेकून उभ्या होत्या. "दोन मिनिटांनी काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनाही बघायचंच होतं.

योगिनी वाकली. तिने दोन्ही तळवे सासूच्या कपाळापासून गालांवरून हनुवटीपर्यंत फिरवले. सहा वर्षांत तिने या तोंडाला घास दिला होता, पाणी दिलं होतं, पण त्यावरून असा हात फिरवला नव्हता. मग बोटं स्वतःच्या कानशिलांवर दाबून मोडली. दोन वाजली, बाकीची मुकाट वाकली.

"ही काय पद्धत झाली?" खुर्चीतून आवाज आला. "भेंडी मोडतीस का बाजारात? जोर लाव. परत."

योगिनीने परत हात फिरवले. या वेळी बोटं कडाकड वाजली, आठच्या आठ. कुसाबाईंनी ती मोजली आणि मीना यांच्यापुढे हात सरळ केला.