डिस्कचं कोरडं वजन

माझ्या दादाला गॅरेजच्या धंद्यात सगळे ‘ग्रॅमभाऊ’ म्हणतात. हे नाव कौतुकाने पडलं की चिडवायला, याची मी कधी चौकशी केली नाही. दोन्ही थोडं थोडं असणार. जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायच्या आधी लोक ती दादाकडे तपासायला आणतात. इंजिन, गिअर, रंग, सगळं तो बघतो, पण नाव झालं ते ब्रेकमुळे. लोखंडी ब्रेकची डिस्क, चाकाबरोबर फिरणारी तबकडी, झिजली की पातळ होते, मोजली की कळतं. भारी गाड्यांची सिरॅमिकची तशी नसते. ती जाडीला जवळजवळ नव्यासारखीच राहते आणि आतल्या आत जळत, हलकी होत जाते. म्हणून तिच्या मधल्या भागावर तिचं कमीत कमी वजन कोरलेलं असतं. त्याच्या खाली गेली की डिस्क बाद, मग ती दिसायला कितीही देखणी असो. चार नव्या डिस्क घ्यायच्या तर तेवढ्या पैशात एक साधी गाडी दारात येते, त्यामुळे विकणारा या विषयावर चकार शब्द काढत नाही.

मी त्याची धाकटी बहीण. गॅरेजच्या कोपऱ्यात काचेची खोली आहे, तिथे बसून रिपोर्ट लिहिते, फोन घेते आणि गिऱ्हाईक दादाशी हुज्जत घालायला लागलं की मध्ये पडते. दादाला भांडता येत नाही. ती कसर मी भरून काढते.

त्याची पद्धत ठरलेली. चाक उतरवायचं, डिस्क काढायची, पुसायची, आणि मग तापवायच्या पेटीत तासभर ठेवायची. पेटी त्याने स्वतः पत्रा वाकवून बनवली आहे. सिरॅमिक पाणी पितं. पावसातून आलेली किंवा नुकती धुतलेली डिस्क वरून खडखडीत कोरडी दिसली तरी आत पाणी धरून असते, आणि ते पाणी वजनात धरलं जातं. पेटीतून काढली, गार झाली की काट्यावरच्या पांढऱ्या फडक्यावर ठेवायची. ‘कोरडं वजन’ हा त्याचा लाडका शब्द. वहिनी म्हणते, आमचं लग्न ठरवतानासुद्धा यांनी मला आधी उन्हात उभं केलं असतं.

हे सगळं तो परदेशी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचून शिकला. पण पाना हातात कसा धरायचा, हे शिकला उस्तादांकडे. उस्तादांचं गॅरेज आमच्या पुढच्याच गल्लीत. दादा विशीत असताना त्यांच्याकडे लागला, बारा वर्षं राहिला. बाबा गेले तेव्हा दवाखान्यातली धावपळ उस्तादांनी केली, माझ्या शाळेत सही करायला उस्ताद आले. दादाने वजनकाटा आणला तेव्हा त्याला सगळ्यांत जास्त हसलेही तेच. “ब्रेक तोलतोयस? उद्या मेथीची जुडी पण बांधून देशील!” म्हणायचे, आणि दादा लाल होऊन हसायचा. त्यांच्यापुढे तो कधी खुर्चीत बसला नाही. चाळिशी उलटली, केस पिकले, तरी नाही.

त्या दिवशी उस्ताद स्वतःची गाडी घेऊन आले. खोल निळी, बसकी, त्यांनी पंधरा वर्षं जिवापाड जपलेली. गॅरेज बंद करून ते लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते, म्हणून गाडी विकायची होती. घेणारी होती दातांची डॉक्टर, घाटाखालच्या गावातली. पन्नाशीची बाई, वीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढा उपटल्या, आता स्वतःच्या हौशीसाठी काहीतरी घ्यायचं म्हणत होती. तिची एकच अट होती: ग्रॅमभाऊंनी पास केली पाहिजे. पास झाली की ती गाडी घेऊन तशीच घाट उतरून घरी जाणार होती, आणि दुसऱ्या दिवशी आईला शेजारी बसवून पुन्हा घाट चढून येणार होती. हे तिने मला तीनदा सांगितलं, इतकी ती खूश होती.

तीन डिस्क ठीक निघाल्या. चौथी, पुढची डावी, दादाने हातात घेतली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. कड जराशी खरखरीत होती. तो पेटीकडे वळला.

“आणखी एक तास?” डॉक्टरने घड्याळ पाहिलं. “मला उजेडात घाट उतरायचाय हो.”

उस्ताद हसले. “अरे, तीन भाजल्यास ना? आता माझी गाडी सगळीच भाजणार का तू? माझ्या गाडीवर विश्वास नाही?”

दादा थांबला. मी काचेतून बघत होते. त्याचा हात पेटीच्या कडीवर होता. मग त्याने कडी सोडली आणि डिस्क सरळ काट्यावर ठेवली.

डिस्कवर कोरलेलं वजन पाच हजार सहाशे चाळीस ग्रॅम होतं. काट्याने पाच हजार सहाशे बावन्न दाखवलं. बारा ग्रॅमने पास. दादाने आकडा सांगितला, मी लिहिला, त्याने सही केली. चाक परत बसलं. डॉक्टरने उस्तादांना चेक दिला, हात मिळवला, माझा गालगुच्चाच घेतला जवळजवळ, आणि निळी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली. उस्तादांसाठी चहा मागवला.

मी काट्यावरचं फडकं घडी घालायला उचललं. ते मधोमध ओलं होतं. गोल, डिस्कच्या मापाचं.

“दादा,” मी म्हटलं, “हे बघ.”

त्याने फडक्याला हात लावला. मग काट्याकडे बघितलं, मग दाराकडे. माझ्या दादाचा चेहरा मी खूप वेळा उतरलेला बघितलाय, पण असा पांढराफटक कधीच नाही. “बारा ग्रॅम,” तो म्हणाला. “यात बारा ग्रॅमच्या वर पाणी असणार.”

मी डॉक्टरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच. फोन पर्समध्ये आणि पर्स मागच्या सीटवर, हे मी पैजेवर सांगितलं असतं. दादाने पिकअपची किल्ली घेतली. मी शेजारी चढले, तोवर उस्तादही दार उघडून आत आले आणि मला सरकवून खिडकीशी बसले. त्यांना नको कोण म्हणणार?

दादा एरवी इतकी सावकाश गाडी चालवतो की सायकलवाले मागून घंटी वाजवतात. त्या दिवशी मी एका हाताने डॅशबोर्ड धरला होता आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन पुन्हा पुन्हा लावत होते. बाद डिस्क तिथल्या तिथे फुटतेच असं नाही, हे मलाही माहीत आहे. कदाचित काहीच झालं नसतं. पण लांब उतार, सतत ब्रेकवर पाय, डिस्क लालबुंद तापलेली, हाताला नवी गाडी, हौशी ड्रायव्हर. ‘कदाचित’ या शब्दावर आम्ही कोणाला घाटात सोडत नाही. आमचा धंदा तेवढ्यासाठीच आहे.

“परत फिर,” उस्ताद एकदम म्हणाले. “एवढ्याशा ओलीने काय होतंय? पोरी, तू पण फोन लावून लावून बाईला घाबरवशील.”

दादाने गिअर बदलला.

“गाडी चांगली आहे रे. मी चालवली आहे ना इतकी वर्षं.”

“उस्ताद, गाडी कोणी धुतली?” दादाने विचारलं. नजर रस्त्यावर.

पुढे एक ट्रक आला, दादाने तो काढला, मग दुसरा. घाट सुरू होण्याची पाटी मागे गेली. उस्तादांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला नाही.

“मीच धुतली,” ते म्हणाले. “पहाटे. चाकांच्या आतून पाइप धरला. पुढच्या डाव्या चाकाला जास्त वेळ. बाकीच्या तिन्हींचं वजन कमी भरणार नाही, मला माहीत होतं.”

“तुम्हाला पाण्याचं कोणी सांगितलं?”

“तूच. चहा पिताना. किती वेळा सांगितलंस.” मग ते थोडे पुढे झुकले. “आधी दोन गिऱ्हाइकं गाडी बघून नाही म्हणून गेली होती. तू पास म्हटलंस की कोणी पुढे विचारत नाही. पेटीत गेली असती तर माझं नशीब म्हटलं असतं. पण मला ठाऊक होतं, मी म्हटलं की तू नाही ठेवणार.”

माझ्या तोंडात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ते बोलले. उस्तादांना आयुष्यात पहिल्यांदा ‘तुम्ही’ सोडून बोलले. दादा फक्त म्हणाला, “गप्प बस, रस्ता बघ, निळी दिसते का सांग.”

दिसली ती चौथ्या वळणावर. रस्त्याच्या कडेला जरा रुंद जागा होती, तिथे उभी होती, आणि डॉक्टर पाच पावलं मागे जाऊन छोट्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढत होती. मला रडूच आलं. पिकअप थांबायच्या आत दादा उतरला आणि जाऊन गाडीच्या पुढे उभा राहिला, जणू ती आपण होऊन निघून जाणार होती. पुढच्या चाकांजवळ जळकट वास येत होता.

“माझी चूक झाली,” तो डॉक्टरला म्हणाला. “ही डिस्क मी नीट न तपासता पास केली. गाडी पुढे नेऊ नका. मी ती हळूहळू वर घेऊन जातो.”

परतताना डॉक्टर पिकअपमध्ये माझ्या आणि उस्तादांच्या मध्ये बसली. मी चालवत होते. तिने दोनदा विचारलं, नक्की झालं काय? मी म्हटलं, दादा सांगेल. उस्ताद खिडकीबाहेर बघत होते. गाडीत चौथं माणूस बसायला जागा नव्हती तरी काहीतरी बसल्यासारखं वाटत होतं.

गॅरेजमध्ये दादाने डिस्क काढली आणि पेटीत ठेवली. या वेळी कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. तासभर आम्ही चौघं चार कोपऱ्यांत. मग डिस्क गार झाली, कोरड्या फडक्यावर आली. पाच हजार सहाशे अठरा. बावीस ग्रॅम कमी. दादाने आधीचा रिपोर्ट मागून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली, खाली ‘बाद’ लिहिलं आणि सही केली.

डॉक्टरने तो कागद बराच वेळ वाचला. मग मान वर करून उस्तादांकडे बघितलं आणि दादाला विचारलं, “यांना माहीत होतं?”

मला वाटलं दादा आता खोटं बोलणार. मी त्याला ओळखते. या माणसासाठी तो काहीही अंगावर घेईल, घाटात घेतलंच होतं. तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ते त्यांना विचारा.”

“होतं,” उस्ताद म्हणाले. आवाज इतका बारीक की बाहेरच्या रस्त्यावरून स्कूटर गेली असती तर ऐकू आला नसता.

“उद्या माझी आई शेजारी बसणार होती,” डॉक्टर म्हणाली. तिने किल्ली टेबलावर ठेवली, आपला चेक मागून घेतला आणि मी बोलावलेल्या टॅक्सीत बसून गेली. दादा टॅक्सीपर्यंत गेला होता. परत आला तेव्हा उस्ताद उभेच होते.

“तू सांगायला हवं होतंस तिला, तुझी चूक नाही म्हणून,” उस्ताद म्हणाले. “रस्त्यावर सगळी स्वतःवर घेतलीस.”

“माझीच आहे,” दादा म्हणाला. “मी रोज येईल त्या माणसावर अविश्वास दाखवतो, तेच माझं काम. आज पेटीची कडी सोडली, कारण गाडी तुमची होती.”

त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. मला भरपूर आला होता, तो अजून गेलेला नाही. पण दादाच्या आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता, आणि तो ऐकून उस्तादांनी मान खाली घातली.

गाडी निदान ढकलता यावी म्हणून दादा डिस्क परत बसवायला वाकला. सिरॅमिकची कड जरा आपटली तरी टवका उडतो, म्हणून चाक चढवताना दोन माणसं लागतात, एक चाक तोलून धरायला आणि एक बोल्ट लावायला. दादा चाक घेऊन खाली बसला. उस्ताद सवयीने पुढे आले, गुडघ्यावर हात टेकवून वाकले आणि त्यांनी चाकाखाली दोन्ही हात धरले. दादाने चाक मागे घेतलं.

“राहू द्या, उस्ताद,” तो म्हणाला. “धाकटी धरेल.”

मी खोलीतून बाहेर आले आणि चाक धरलं. त्यांचे हात थोडा वेळ तसेच पुढे होते.