व्हर्नाची बस आणि मालसुनचे रांजण

व्हर्ना थीसनला मी कधी खुर्चीत नीट टेकून बसलेली पाहिलीच नाही. जेवायची ती ओट्याला कंबर लावून, फोनवर बोलायची ती अंगणात येरझाऱ्या घालत, आणि चर्चमध्येही मागच्या दाराशी उभी. तिचा नवरा डेल उत्तरेकडे गॅसच्या विहिरींवर कामाला. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. तो म्हणायचा, "माझी बायको एकाच खुर्चीत बसते, आणि त्या खुर्चीला चाकं आहेत." ती खुर्ची शाळेच्या बसमधली. डोंगरकडेच्या वस्त्यांवरून पोरं गोळा करत व्हर्ना शाळेत नेई, आणि संध्याकाळी बस आपल्याच घराच्या बाजूला लावी. मी समोरच राहते. माझ्या खिडकीतून आधी ती पिवळी बस दिसायची आणि मग डोंगर.

तिचा स्वयंपाकही तिच्यासारखाच घाईचा. दाताच्या दवाखान्यात नंबराची वाट बघताना तिने एका मासिकात 'झटपट कोरियन बीफ' वाचलं होतं, तेही उभ्याउभ्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी तेच. एकीकडे भात लावायचा, दुसरीकडे बिडाच्या कढईत बीफचा खिमा मोठ्या आचेवर परतायचा. खिम्याचं पाणी आटून तो कडेने तपकिरी झाला की लसूण, आलं, मिरचीचा चुरा. मग सोया सॉस, मूठभर तांबडी साखर, शेवटी तिळाचं तेल. सगळं चकचकीत झालं की वाडग्यातल्या भातावर ओतायचं, वरून पातीचा कांदा. भात होईतो खिमा तयार, आणि वाडगा हातात घेऊन बाई पुन्हा अंगणात.

तिच्या कुंपणापलीकडे नोह ग्यू-सिक राहायचे. पंचाहत्तरी उलटलेले, बायको मालसुन चार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा दूर टोरांटोत. तिळाच्या तेलाचा वास तिकडे पोचला की म्हातारबुवा कुंपणाशी हजर.

"काय बसबाई, आज पुन्हा मिठाई?"

"मिठाई नाही, मिस्टर नोह. कोरियन बीफ आहे. तुमच्याच देशाचं."

"माझ्या देशात एवढी साखर मुलाच्या बारशालाही वाटत नाहीत."

"मग खाऊन तर बघा!"

"मला अजून जगायचंय."

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या हातचा एक घास खाल्ला नव्हता, आणि तिनेही वाडगा पुढे करायचं सोडलं नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये डोंगरापलीकडे वणवा पेटला. पहिल्यांदा नुसता धूर होता. मग सूर्य नारिंगी झाला, गाड्यांच्या काचांवर राख बसू लागली, आणि तलावातलं पाणी उचलून नेणारी हेलिकॉप्टरं दिवसभर डोक्यावरून घरघरत राहिली. सरकारी निरोप आला: तयारीत राहा, सांगितलं की ताबडतोब निघा.

हे तयारीत राहणं कसं असतं ते आमच्या गल्लीला विचारा. कागदपत्रं, औषधं, फोटो गाडीत भरून ठेवायचे आणि मग काय करायचं? कामात लक्ष लागत नाही, झोप लागत नाही. व्हर्नाचं तर विचारूच नका. ती सामान गाडीत भरायची, तासाभराने सगळं बाहेर काढून पुन्हा वेगळ्या रीतीने भरायची. शिवणयंत्र आत गेलं, बाहेर आलं, परत आत गेलं. डेल तिकडे अडकलेला, दर थोड्या वेळाने फोन.

"व्हर्ना, जरा शांत हो गं."

"तू हो शांत! तुझ्या घरावर राख पडत नाहीये."

"ते माझंही घर आहे ना?"

यावर तिने फोन ठेवून दिला.

दुपारी कोणीतरी बातमी आणली की वीज तोडणार आहेत. व्हर्नाच्या तळघरातल्या फ्रीजरमध्ये ओळखीच्या गोठ्यावरून घेतलेलं एका गाईच्या चौथ्या हिश्श्याचं मांस होतं, बहुतेक खिमाच. हातांना काम मिळालं म्हणून ती जवळजवळ खूषच झाली. मला हाक मारली, "अगं, ये गं इकडे! लसूण सोल." गोठलेली पाकिटं सिंकमध्ये पाण्याखाली सोडली, चारही शेगड्या पेटवल्या आणि एकामागून एक घाणे काढायला लागली. खिडक्या धुरासाठी बंद, आत चरबीची वाफ, डोळ्यांत लसणाची झोंब. मध्येच ती शेगडी सोडून दाराकडे धावायची, डोंगराकडे बघायची, परत यायची. "कड अजून काळी आहे," म्हणायची. म्हणजे ज्वाळा दिसत नाहीत.

तिचे मोठे, गार-गरम टिकवणारे डबे खिम्याने आणि भाताने भरत आले, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या फोनमधून एकदम कर्कश भोंगा वाजला. निघा.

पाठोपाठ शाळेच्या वाहतूक ऑफिसातून व्हर्नाला फोन आला: वर त्या चाकांवरच्या घरांच्या वस्तीत म्हातारी माणसं आहेत, बस घेऊन जा, त्यांना खाली शहरात आणून सोड. तिने चावी उचलली. गाडीतलं सामान आणि डबे बसमध्ये टाकताना तिचं लक्ष कुंपणापलीकडे गेलं. नोह छपरावर पाणी मारत उभे होते.

"मिस्टर नोह, खाली उतरा! चला."

"तुम्ही व्हा पुढे."

"चला म्हणते ना!"

"मी येत नाही."

ती शिडीखाली गेली, मीही मागोमाग. पाइप बंद करून ते शेवटी खाली उतरले आणि त्यांनी मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे मातीचे तीन रांजण होते, कंबरेएवढे, काळपट. मालसुनने जायच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांत सोया सॉससाठी सोयाबीन मुरत घातलं होतं.

"हे तिने भरलेले शेवटचे रांजण," ते म्हणाले. "माझ्या छोट्या गाडीत मावत नाहीत. आणि तिला आगीत सोडून मी कुठे जाऊ?"

व्हर्नाने एका रांजणाला हात लावून बघितला. मला वाटलं आता हिच्या तोंडून समजुतीचं काहीतरी येईल. ती ओरडली, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं? दोन दिवस मी वेड्यासारखी नुसती गाडी भरतेय आणि उपसतेय! धरा तिकडून!"

बस मागे घेऊन तिने थेट त्यांच्या वाफ्यांवर चढवली. मागचं संकटकाळचं दार उघडलं. आम्ही तिघं, त्यात एक पंचाहत्तरीचा. रांजण दोरखंडाने बांधून, माझ्या घरातल्या रजया गुंडाळून, शेवटच्या बाकांमध्ये कसेबसे ठोकून बसवले. माझी पाठ त्या दिवसापासून दुखते ती आजतागायत. मी माझी गाडी बसच्या मागोमाग न्यायची ठरवली, पण किल्ली कुठे ठेवली तेच आठवेना, म्हणून मीही बसमध्येच चढले.

वस्तीवर म्हातारे लोक पिशव्या, मांजरं, ऑक्सिजनच्या नळ्या घेऊन रस्त्यावरच उभे होते. सगळे बसले. आता डोंगराची कड लाल दिसत होती आणि वाऱ्याने बस हलत होती. व्हर्ना आरशातून सगळ्यांना बघत, रस्त्यावरच्या फांद्या चुकवत खाली उतरत होती. हादऱ्यांनी एका रांजणाचं झाकण सैल झालं आणि बसभर वास सुटला.

"कोणी बूट काढलेत हो?" एक आजी नाक दाबून म्हणाल्या.

"बूट नाहीत," नोह मागून गंभीरपणे म्हणाले. "ती माझी बायको आहे."

बसमधल्या सगळ्या माना मागे वळल्या. आजींनी छातीवर क्रूसाची खूण केली. तेव्हा पुढून व्हर्ना किंचाळली, "सोयाबीन! सोयाबीन आहे त्यात! त्यांच्या बायकोने घातलेलं!" मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. हसता हसता दोघी-तिघी रडायला लागल्या.

शहरात बर्फावरच्या हॉकीच्या मैदानात खाटा मांडल्या होत्या. उन्हाळ्यामुळे बर्फ नव्हता, नुसती गार फरशी. व्हर्नाने डबे उघडले आणि कागदी वाडग्यांतून भात, खिमा वाढत सुटली. कोमट होतं, कांदा नव्हता, लोक पुन्हा मागत होते. नोहांनाही तिने एक वाडगा दिला. त्यांनी खाल्लं. सगळं खाल्लं.

"गोड आहे," ते म्हणाले.

"मग ठेवा."

"आणखी आहे का?"

सकाळी अग्निशमन दलाचा माणूस आला आणि एकेकाला बाजूला बोलवू लागला. गल्लीच्या टोकाची घरं गेली होती. माझं वाचलं. नोहांचं वाचलं, छपराचा एक कोपरा सोडून. व्हर्नाचं मात्र राहिलं नव्हतं. वणवा असाच असतो, एक उचलतो, शेजारचं सोडतो. ऐकून ती मैदानाला फेऱ्या मारायला लागली. मी सोबत निघाले, थोड्या वेळाने दमून थांबले. ती डेल येऊन पोचेपर्यंत चालतच होती. तो दारात दिसला तेव्हा ती त्याच्या अंगावर जाऊन आदळली आणि म्हणाली, "शिवणयंत्र मी शेवटी बाहेरच काढून ठेवलं होतं रे."

हिवाळा त्या दोघांनी नोहांच्या तळघरात काढला. बोलावणं नोहांचं होतं, तेही असं: "खाली खोली रिकामी आहे. वर स्वयंपाकघर एकच आहे. साखर माझ्या डब्यात ठेवायची नाही." रांजण परत अंगणात गेले. एका रांजणातला जुना काळा सॉस ते व्हर्नाला चमच्याने मोजून देत. ती तो घाली, आणि त्यांची पाठ वळली की साखर घाली. त्यांना कळायचं. रोज भांडण व्हायचं. मुलगा टोरांटोहून फोन करून विचारायचा, "बाबा, सगळं ठीक ना? आवाज कसला येतोय?"

व्हर्नाचं मात्र ठरत नव्हतं. एक दिवस म्हणायची घर पुन्हा इथेच बांधू, दुसऱ्या दिवशी म्हणायची समुद्राकडे जाऊ, जिथे जळायला झाडच नसेल. डेल दोन्हीला हो म्हणायचा, त्याचाही तिला राग यायचा. शेवटी मे महिन्यात पाया खणायला घेतला. ठरलं म्हणून नव्हे. खणणाऱ्याची तारीख मिळाली होती आणि ती पुन्हा मिळाली नसती.

जुलैत, ती दोघं अजून तळघरातच असताना, एका संध्याकाळी गल्लीत जळका वास आला. एका मिनिटात सगळी दारं उघडली. माणसं अनवाणी रस्त्यावर, नाकं वर, डोळे डोंगराकडे. कोणी गाडी सुरूही केली. व्हर्ना आमच्यात सगळ्यांच्या पुढे उभी, हात कपाळावर धरून कड बघत.

नोहांचं दार उघडलं. ते कढई हातात धरून पायरीवर आले. आतल्या खिम्याचा कोळसा झाला होता.

"बसबाई!" ते ओरडले. "डोंगर नंतर बघा! आधी चुलीवर काय ठेवलंय ते बघा!"

सगळे हसले. गाडी बंद झाली, दारं लागली. व्हर्ना "आले, आले" म्हणत होती, पण जागची हलली नाही. मीही तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. कड काळीच होती. आम्ही अंधार पडेपर्यंत बघत होतो.