मदामची लाल टेकडी, स्की आणि आबा

शारजात राहून आम्ही स्कीइंगला गेलो होतो म्हटलं की लोकांना वाटतं, बाई थापा मारतेय. अहो, वाळूवर! दुबईतल्या मॉलमध्ये बर्फ यायच्या आधीची गोष्ट. हत्ताच्या रस्त्यावर मदाम गावाच्या अलीकडे मोठी लाल टेकडी आहे, तिथे हिवाळ्यात गोरी मंडळी स्की घेऊन जायची. शेखरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ऑफिसातल्या एका ऑस्ट्रियन साहेबाने त्याच्या जुन्या स्की देऊ केल्या आणि आमची तेरा वर्षांची रेवा हटूनच बसली.

अडचण होती आबांची. माझे सासरे तेव्हा साताऱ्याकडच्या गावाहून व्हिजिट व्हिसावर आले होते. त्यांचे थोरले चिरंजीव, माझे विलासभाऊजी, फौजेत होते. काश्मिरात स्कीवरून गस्त घालताना अंगावर बर्फाचा कडा आला आणि ते सापडलेच नाहीत. माझ्या लग्नाच्याही आधी. फौजेने रीतसर कळवलं, सगळ्या गावाने मान्य केलं, पण आबांचं एकच पालुपद: कुणी नीट उकरलंच न्हाई, पोरगं कुठंतरी जिवंत हाय, येईल. दर दिवाळीला ते भाऊजींच्या नावाचं शर्टाचं कापड घेऊन ठेवत. त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. मला त्यांचा रागही यायचा आणि दयाही.

मग आम्ही त्यांना 'हत्ताला डोंगर बघायला जाऊ' एवढंच सांगितलं आणि स्की चादरीत गुंडाळून गाडीच्या टपावर बांधल्या. वाटलं, ते खाली गाडीत बसतील, वर्तमानपत्र वाचतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, पहाटे निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा आणि ऊन चढायच्या आत पोचा. थंड वाळू जरा घट्ट असते. साधी गाडी डांबरावरच ठेवा, वाळूत घालण्याचा शहाणपणा करू नका. वाटेत मल्याळी कॅफेटेरियात पराठा-अंडं खाल्लं. एक दिरहॅमचा चहा, म्हणजे तेरा रुपये, असं आबा मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी कप शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

आता स्कीचं. साहेबाने बजावलं होतं, तळाला मेणबत्ती घासा म्हणजे घसरेल. आमच्याकडे लाइट जात नाही, घरात मेणबत्ती कुठली! जानेवारीत खोबरेल गोठून मेणासारखंच होतं, तेव्हा शेखरने डोकं लढवून बाटलीतलं खोबरेल काढून दोन्ही स्कींच्या तळांना थापलं. मी नको म्हणत होते. पण इंजिनिअर माणसाला कोण सांगणार?

टेकडीपाशी चादर सोडली तेव्हा आबा गाडीतून उतरून मागेच उभे होते. हे काय, असं त्यांनी विचारलं. शेखर दोऱ्या सोडवत राहिला. आमच्या लपवाछपवीचा गंधही नसलेली रेवा म्हणाली, "स्कीज, आबा. लाइक विलासकाका हॅड." आबांनी एक स्की हातात घेतली, टोकापर्यंत हात फिरवला, वजन घेऊन बघितलं. मुलगा जिच्यावर उभा राहायचा ती वस्तू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मग ती रेवाला दिली आणि ते पायथ्याशी जाऊन बसले.

रेवा खेकड्यासारखी आडवी-आडवी वर चढली. सुरुवात झकास झाली. पण वाळूला ऊन लागलेलं, खोबरेल पाघळलं आणि वाळू तळाला चिकटली. उताराच्या मधोमध स्की गच्च थांबल्या, पोरगी तोंडावर आपटली आणि वरचा अख्खा उतार सळसळत तिच्यावर आला. कमरेपर्यंत गाडली गेली. तशीही ती हसत होती.

आबा धोतराचा सोगा खोचून धावले. त्या वयात, त्या उतारावर! आम्ही पोचेपर्यंत ते गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी उकरत होते.

"आय ॲम फाइन, आबा. रिअली."

ते ऐकतच नव्हते. एक ओंजळ काढली की वरून दोन ओंजळी यायच्या. शेवटी शेखरने स्की सोडवल्या आणि रेवाला बाजूने ओढून काढलं. आबांचे हात मात्र त्या खड्ड्यातच होते. आमच्या डोळ्यांदेखत तो खड्डा भरला आणि सपाट झाला.

"बर्फबी असाच येतो का रं वरनं?" त्यांनी शेखरला विचारलं.

"असाच. याहून जड असतो."

"उकरलं असंल का त्यांनी?"

"उकरलं होतं, आबा. कितीतरी दिवस. मी गेलो होतो ना तिथं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

शेखरने हातातल्या स्की खाली ठेवल्या. "सांगितलं होतं."

आबांनी त्या सपाट झालेल्या जागेवर तळहात टेकवला. "व्हय," ते म्हणाले. "सांगितलं हुतंस."

मला वाटलं, परत फिरावं. पण आबाच म्हणाले की डोंगर बघायला निघालोय, तर बघू. हत्ताचे डोंगर उघडेबोडके, तपकिरी, गवताची काडी नाही. हॉटेलच्या हिरवळीवर टुरिस्टांची मुलं बागडत होती. आम्ही बाहेरच एका झाडाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आबांनी रेवाला जवळ बसवून घेतलं आणि तिच्या केसांतली वाळू झटकत राहिले. परतीला शारजाच्या ट्रॅफिकमध्ये नेहमीसारखे अडकलो.

आज तिकडे भाड्याने सगळं मिळतं, मजा येते, जरूर जा. मेणबत्ती विसरू नका. माझ्याजवळ मात्र त्या सहलीतलं राहिलंय ते संध्याकाळचं.

घरी आल्यावर आबा हातपाय धुऊन आले आणि मला म्हणाले, गावाकडं फोन लाव. मी सासूबाईंना फोन लावून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी म्हशीची चौकशी केली, पाण्याची पाळी कधी आहे ते विचारलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

"ऐक," ते म्हणाले. "विलास न्हाई आता. तू रडून घे."

तोवर त्या घरात भाऊजींसाठी रडायची मुभा नव्हती. माणूस जिवंत असताना रडणं अशुभ म्हणून. पलीकडचं रडणं आम्हाला सोफ्यापर्यंत ऐकू येत होतं. आबा रिसीव्हर कानाशी धरून उभे होते, आणि ते रडणं थांबेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.