हलवून बघणारे साडू

माझे साडू उद्या स्वर्गात गेले, तर कल्पवृक्षाखाली बसून काही मागणार नाहीत. आधी झाड गदागदा हलवून बघतील. मुळं पक्की असल्याची खात्री पटली तरच सावलीला टेकतील, आणि वर इंद्राला बोलावून देखभालीवरून चार शब्द सुनावतील. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे आमच्याच भागातल्या तेरचे, पण नोकरी पार उत्तरेत, एका अणुवीज केंद्रात. तिथले पंप, पंखे, व्हॉल्व भूकंपात टिकतील का, याची परीक्षा घेणं हे त्यांचं काम. पंप एका लोखंडी मेजावर बोल्टांनी आवळायचा, चालू करायचा आणि मग ते अख्खं मेजच भूकंपासारखं हलवायचं. एवढ्यासाठी सरकार पगार देतं हे ऐकून येरमाळ्यात आमची गल्ली पोट धरून हसली होती. पण साडू दर मे महिन्यात सुट्टीला आमच्याकडं येत आणि तीच परीक्षा आमच्या घरात सुरू होई, तेव्हा हसायला फक्त गल्ली उरे.

आल्या आल्या, पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी, ते कपाट हलवीत. मग रांजणाची तिवई, मग पाळणा, पाळण्यात पोर असलं तरी. एकदा मांडणी अशी हलवली की बायकोची लोणच्याची बरणी खाली येऊन फुटली. साडू खूश. "बघा, मी म्हणत नव्हतो?" म्हणाले. आता स्वतःच्या हातानं पाडायची आणि वर म्हणत नव्हतो! टँकरच्या वर्षी तर बाया घागरी घेऊन उन्हात ताटकळत उभ्या, आणि हे टँकरची टाकी चेसिसला नीट आवळली आहे का ते वाकून बघतायत. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "दाजी, आदी पाणी भरू द्या, मग आणा तुमचा भूकंप." त्र्याण्णव साल अजून उजाडायचं होतं, म्हणून मी त्यांना किती वेळा सांगितलं की आमच्या भागात कुठला आलाय भूकंप, हलायला तरी जमिनीच्या अंगात पाणी नको का. त्यावर ते माझ्याकडं, ढ पोराकडं मास्तरानं बघावं तसं बघत.

त्यांची दोन तत्त्वं होती आणि ती जेवताना ऐकावीच लागत. पहिलं, हलताना पंप पडला नाही म्हणजे तो पास झाला असं नव्हे. हलतानाही त्यानं पाणी फेकत राहिलं पाहिजे. दुसरं, प्रत्येक वस्तूची एक लय असते, त्या लयीत हलवलं की ती सगळ्यात जास्त थरथरते, म्हणून आधी ती लय शोधायची. पंपाचं ठीक आहे हो. पण हा गृहस्थ माणसांचीही शोधायचा. माझी त्यांना लवकर सापडली. चार पाहुणे बसले असताना हळूच विचारायचे, "का हो, सोसायटीचे चेअरमन होणार होता ना तुम्ही?" मी निवडणुकीत सपाटून आपटलो होतो हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. माझ्या हातातला घास थांबला की ते समाधानानं ताक प्यायचे.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं असतं. पण एका वर्षी त्यांची लेक शैला लग्नाची झाली आणि स्थळ मीच आणलं. मुलगा कळंबचा, दूध संघात सुपरवायझर, स्वभावानं शांत. बघण्याचा कार्यक्रम झाला. शैलानं लाजणं-बिजणं काही केलं नाही, माझ्या बायकोला सरळ म्हणाली, "मावशी, मला हा आवडला." पोरगी त्या दिवशी घरभर गुणगुणत होती. साडू म्हणाले, तपासल्याशिवाय होकार नाही. आणि मुलाला पुन्हा एकदा चहाला बोलावलं.

त्याला डुगडुगत्या खुर्चीवर बसवलं. चहा बिनसाखरेचा. दूध संघ म्हणजे दुधात पाणी घालायचीच नोकरी ना, असं विचारून झालं. मुलगा हसला, चहा पीत राहिला. पगार, उंची, कॉलेजात वाया गेलेलं वर्ष, सगळं काढून झालं. कशानं तो हलेना. मग साडूंना ती लय सापडली. "तुमची आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची म्हणे?" मुलानं कप खाली ठेवला नाही. "व्हय," म्हणाला, "माझ्या फीसाठी." चहा संपवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि एसटी गाठली. साडूंनी मांडीवर थाप मारली. पोरगं पास! पेढे आणायला मला पिटाळलं.

दोन-तीन दिवसांनी मुलगा एकटाच आला. मला म्हणाला, "काका, मुलगी चांगली हाय, माझ्या मनात होती. पण आईचं नाव कुणी मला तपासायला काढलेलं न्हाय चालणार. मी पडलो न्हाय, पण मला लागलं." साडू शेजारीच उभे होते. तो गेल्यावर पुटपुटले की परीक्षा दिलेला पंप केंद्रात बसवतच नाहीत. पास झाला तरी. आत कुठं बारीक चीर गेली असेल, दिसत नाही. तो बाजूला ठेवायचा आणि त्याच्यासारखा दुसरा बसवायचा. माझं डोकंच फिरलं. एवढं ठाऊक असून हा शहाणा त्या पोराला हलवत बसला होता! शैला घागर घेऊन टँकरकडं निघून गेली. परत जाईपर्यंत ती वडिलांशी बोलली नाही.

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. साडूंनी उलटंच केलं. पुढचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. जावयाला मान खाली घालून लग्नाचा टिळा लावला. तो जावई कुणी न हलवताच ढासळला, संसार मोडला. शैला आता आईवडिलांकडं राहते, तिथल्याच शाळेत शिकवते.

गेल्या मे महिन्यात तिघं आली होती. संध्याकाळी साडू माझ्यापाशी ओट्यावर येऊन बसले आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "कळंबच्या त्या मुलाचं लग्न झालं का हो?" मी म्हटलं, कधीच झालं, दोन लेकरं आहेत, आई त्याच्यापाशीच असते. "बरं झालं," ते म्हणाले. आत शैला भाकरी थापत होती, म्हणून आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "चांगला होता हो मुलगा." आयुष्यभर मी ह्या माणसाला टोमणे मारत आलो. त्या वेळी मी आत जाऊन त्यांच्यासाठी ताकाचा पेला घेऊन आलो.